अडलेलं वाक्य

पत्रकारिता विभागांत सध्या एका विषयाला बरकत आहे. ‘पत्रकारिता आणि शिक्षण क्षेत्रांतील कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर : एक चिकित्सक अभ्यास.’ शब्द मागेपुढे होतात, ‘चिकित्सक’ मात्र हटत नाही. आत पाहावं तर पाच पर्यायांची प्रश्नावली. ‘एआयमुळे वृत्तकक्षाची कार्यक्षमता वाढते, असे आपणांस वाटते का?’ पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. पत्रकार मंडळी चहा पिता पिता गूगल फॉर्म भरून टाकतात, विद्यार्थी वर्गात बसून भरतात, उत्तरांचे रंगीत गोल आलेख निघतात आणि शेवटच्या प्रकरणात कळतं की एआयचे फायदे आहेत तसे तोटेही आहेत. एवढं कळायला तीन-चार वर्षं आणि फेलोशिप कशाला हवी, असं विचारलं की विद्यार्थी हिरमुसतो. त्याचा दोष थोडाच. असा आराखडा विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे (आरआरसी) बिनबोभाट पास होतो, आणि अडून राहणारा विषय घेऊन वर्ष घालवायची चैन बार्टी-सारथीसारख्या सरकारी संस्थांच्या फेलोशिपवर संशोधन करणाऱ्या मुलाला परवडत नाही.

आलेखांशी माझं भांडण नाही. तक्रार आहे ती मांडणीबद्दल. तिसऱ्या प्रकरणात पत्रकारिता, चौथ्यात शिक्षण, आणि दोन्हीकडे लोकांना काय वाटतं एवढीच विचारणा. माझं म्हणणं असं की एआयने या दोन क्षेत्रांत दोन वेगवेगळे प्रश्न उभे केलेलेच नाहीत. प्रश्न एक आहे, आणि मतं गोळा करून तो हाती लागणार नाही.

महाराष्ट्रात तरी ही दोन क्षेत्रं एका घरातली. ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते. त्यांच्या पत्रात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत असे, म्हणजे वर्तमानपत्र वाचता वाचता शिकवणीही होई. न्यू इंग्लिश स्कूल १८८० च्या जानेवारीत सुरू झालं आणि पुढच्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला. शाळा चालवणारी आणि पत्र चालवणारी माणसं बहुतेक तीच. वाचकाला शिकवायचं तर आधी आपल्याला नीट कळलेलं असावं लागतं, आणि कळलंय की नाही हे लिहायला बसल्यावरच समजतं, हे त्यांना कुणी वेगळं सांगावं लागलं नसावं.

वृत्तपत्राचा डेस्क ही पुढे या धंद्यातली खरी शाळा झाली. पदविका कुठूनही आणा, बातमी कळायला लागते ती डेस्कवरच. नवा उपसंपादक आला की त्याला अग्रलेख कुणी देत नाही. निधनवार्ता, ‘आजचे कार्यक्रम’, पीटीआयच्या बातमीचं भाषांतर आणि तालुक्याहून आलेली कॉपी, हा त्याचा पहिलीचा अभ्यासक्रम. कंटाळवाणं काम. हाताखालच्या पोरावर ढकलायचं म्हणून ढकललेलं. आणि नेमकं हेच काम यंत्राला सगळ्यात सहज जमतं, त्यामुळे पहिल्या झपाट्यात तेच त्याच्याकडे गेलं. कुणी धोरण ठरवून नेलं असंही नाही. पान सोडायची वेळ साडेदहाची असते आणि बसलेली माणसं कमी झालेली असतात, एवढं कारण पुरतं.

त्या कॉपीचं पुढे काय होतं ते जरा जवळून पाहू. समजा तालुका प्रतिनिधीने व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकल्या : तालुक्यात पाणीटंचाई वाढली, १४ गावं आणि ३१ वाड्यांना टँकरने पाणी सुरू, अशी माहिती प्रशासनाने दिली, लोक नाराज आहेत. ही कॉपी शिकाऊ मुलाच्या पुढ्यात येते. तो इंट्रो लिहायला घेतो आणि अडतो. टँकर किती, ते नाही. मंजूर खेपा किती आणि प्रत्यक्षात झाल्या किती, ते नाही. पाणी भरतात कुठून, कुणाची विहीर अधिग्रहित केली, तेही नाही. ‘प्रशासनाने’ म्हणजे तहसीलदारांनी की गटविकास अधिकाऱ्यांनी? मुख्य उपसंपादक वर न बघता म्हणतो, ‘‘अरे, फोन लाव त्याला.’’ मुलगा फोन लावतो. प्रतिनिधी आधी कुरकुरतो, मग ग्रामसेवकाला विचारतो, कुणीतरी टँकरची नोंदवही बघतं, आणि निघतं असं की एका वाडीला रोज तीन खेपा मंजूर आहेत नि पोचते एक. टंचाईची बातमी राहिली बाजूला. आता बातमी आहे उरलेल्या दोन खेपांची.

त्याच चार ओळी चॅटजीपीटीला देऊन ‘नीट बातमी करून दे’ म्हणा. अर्ध्या मिनिटात ठसठशीत मथळा येईल, उपमथळा येईल, ‘पाणीटंचाईने उग्र रूप धारण केले असून’ येईल. शेवटी ‘प्रशासनाने तातडीने उपाययोजना कराव्यात, अशी मागणी नागरिकांतून होत आहे’ हेही येईल. अशी मागणी कुठल्या नागरिकाने केली ते विचारू नका. शुद्धलेखन चोख. आणि खेपांचा विषयच निघणार नाही, कारण खेपांवाचून बातमी पुरी झाली आहे. भिंतीला पडलेलं भगदाड दिसत होतं तोवर कुणीतरी म्हणालं असतं की इथे वीट नाही. यंत्राने वरून गिलावा केला आणि भिंत गुळगुळीत झाली.

यंत्र खोटं बोलतं, हा झाला नेहमीचा आक्षेप, आणि तो दिवसेंदिवस दुबळा होत जाईल. यंत्रं सुधारत आहेत. वरच्या उदाहरणात तर ते फारसं खोटं बोललेलंच नाही. नुकसान वेगळं आहे. लिहिणाऱ्याचं वाक्य अडतं तेव्हा बहुतेक वेळा भाषा अडलेली नसते, माहिती अडलेली असते. ते अडणं ही सूचना असते की तुला इथे काहीतरी ठाऊक नाही, ऊठ, विचारून ये. यंत्र ती सूचनाच बंद करतं. उत्तर चुकीचं मिळण्यापेक्षा प्रश्न न पडणं जास्त महाग असतं, कारण चुकीचं उत्तर निदान दुसऱ्या दिवशी वाचक फोन करून झापतो तेव्हा तरी कळतं.

आता वर्गात या. ‘१९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना’ यावर मुलांना लिहायला सांगितलं. स्वतः लिहिणारं पोर दुसऱ्या परिच्छेदात अडतं. दुष्काळ १९७२ चा आणि कायदा विधिमंडळात झाला तो १९७७ मध्ये. मधल्या पाच वर्षांत काय चाललं होतं? दुष्काळी कामं म्हणजे खडी फोडणं, ते सरकारच्या मर्जीवर. मग मर्जीचा हक्क कसा झाला, कुणी केला, पैसा कुठून आणला? इथे अडलेलं पोर ग्रंथालयात जातं, योजनेचे जनक वि. स. पागे या नावाशी पोचतं, व्यवसायकराच्या भानगडीत शिरतं. सगळीच जातात असं नाही. दहातलं एखादं जातं. पण यंत्राने लिहून दिलेल्या निबंधात १९७२ आणि १९७७ ही दोन सालं एका ओळीत गुण्यागोविंदाने नांदतात आणि मधली पाच वर्षं कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. दहातलं ते एकही मग जात नाही. वर्गात आणि डेस्कवर घडलं ते एकच.

याला थोडा पुरावाही आहे. तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळपास हजार मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला; तो निबंध २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. साधा चॅटबॉट हाताशी असताना मुलांनी सरावाची गणितं ४८ टक्क्यांनी अधिक चांगली सोडवली. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांच्या हाती तो कधी दिलाच नव्हता अशा मुलांपेक्षा ही मुलं १७ टक्के मागे पडली. प्रयोगाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. काही मुलांना दिलेला चॅटबॉट उत्तर न देता फक्त इशारे देईल असा केला होता. त्यांचा सराव तर १२७ टक्क्यांनी सुधारला आणि परीक्षेतलं नुकसान जवळजवळ पुसलं गेलं. यंत्र तेच होतं. एकाने मुलाला अडू दिलं नाही, दुसऱ्याने अडू दिलं आणि मग हात दिला. ‘एआय चांगला की वाईट’ या वादात ज्यांनी आयुष्य काढायचं ठरवलंय त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

अर्थात, अडण्याजोगं काही नसतं तिथे यंत्र बेलाशक वापरावं. असोसिएटेड प्रेसने २०१४ पासून कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या यंत्राकडे दिल्या. तिमाहीला सुमारे ३०० निघायच्या त्या ३,००० च्या वर गेल्या. तक्त्यात आकडा आहे, तो वाक्यात बसवायचा आहे. यात कुणाचं शिक्षण बुडत नाही. लॉस एंजेलिस टाइम्सचं ‘क्वेकबॉट’ही असंच, भूकंपाची नोंद आली की बातमी तयार. जून २०१७ मध्ये त्याने सांता बार्बराजवळ ६.८ तीव्रतेचा भूकंप झाल्याची बातमी दिली. तो भूकंप १९२५ चा होता. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात जुन्या नोंदीत दुरुस्ती करताना चुकीचा इशारा बाहेर पडला, आणि त्यावर तारीख होती २०२५ ची, म्हणजे आठ वर्षं पुढची. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माणसाला तेवढ्यावर शंका आली असती. पायाखालची जमीन हलली नव्हती.

खरा तगडा प्रतिवाद वेगळाच आहे, आणि तो आमच्यासारख्या पुण्या-मुंबईच्या डेस्कवर पिकलेल्या लोकांना झोंबणारा आहे. ‘शुद्ध’ मराठी हे या धंद्याचं फाटक होतं. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाला बातमी कळत असे, माणसं ठाऊक असत, पण त्याची कॉपी डेस्कवर आली की तिला हसणारे दोघे-तिघे असत. ऱ्हस्व-दीर्घावरून माणसाची किंमत ठरे. संशोधनातही तेच. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीत शोधनिबंध हवा, तो लिहून देणाऱ्यांचं दुकान विद्यापीठाच्या आसपास यंत्र यायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, दर ठरलेले आहेत. त्या मुलाच्या हातात आता फुकटात चांगलं इंग्रजी आलं, तालुका प्रतिनिधीच्या हातात बोलून टाइप करायची सोय आली. याला नाक मुरडणाऱ्याने आधी सांगावं की आजवर या पोरांना त्याने काय दिलं. मला तरी या सोयीविरुद्ध बोलायला तोंड नाही. बोली सरळ करून घेणं, इंग्रजी नीट करून घेणं, हे मी मदतीत धरतो. फक्त एक लक्षात घ्यावं. यात मुलाकडे सांगायला काहीतरी आधीपासून आहे आणि यंत्र त्याला भाषा देतं. सांगायला काही नसताना भाषा मिळते तेव्हा गोष्ट उलटी होते, आणि त्यातही मार खातो तो नंदुरबारचाच मुलगा. मालकाला एकदा वाटलं की कॉपी यंत्र सजवतंय, तर त्याला प्रतिनिधीही नको असतो, प्रेसनोट पुरते. मुळात अनेक तालुका प्रतिनिधी पगारावर नाहीतच. जाहिरातीच्या कमिशनवर घर चालतं आणि बातमी त्याच्यासोबत फुकट येते.

प्रेसनोटवरून आठवलं, आपण काही सोवळे नव्हतो. जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेसनोट पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत जशीच्या तशी छापणं ही मराठी पत्रकारितेतली मुरलेली परंपरा आहे. शाळेत ‘अपेक्षित’ आणि गाइडं होती. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ सगळ्या वर्गाने एकाच पुस्तकातून पाठ केलेला असे. तेव्हा यंत्रामुळे विचार बुडाला असं म्हणणं म्हणजे इतिहास सोयीने विसरणं. फरक एवढाच की जुनी नक्कल ओळखू येई. चाळीस वह्यांत एकच पाऊस पडलेला बाईंना दिसे. चार पेपरांत एकच बातमी दिसली की वाचकाला प्रेसनोट कळे. यंत्र मात्र चाळीस मुलांना चाळीस पाऊस देतं.

आपले नियम अजून जुन्या नकलेच्या मागे धावताहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत साम्य मोजलं जातं : दहा टक्क्यांपर्यंत माफ, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. म्हणजे दुसऱ्याचं किती उचललं याचं मोजमाप. यंत्राचा मजकूर कुणाशीच जुळत नाही, तो या चाळणीतून अलगद खाली उतरतो. मग यंत्राचा मजकूर ओळखणारी यंत्रं आली. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली, तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध सरासरी ६१ टक्के वेळा ‘यंत्राचे’ ठरले. कष्टाने, मोजक्या शब्दांत, जपून लिहिणाऱ्या परक्या मुलावरच संशय. फाटकावरचा रखवालदार बदलला, वागणूक तीच.

परदेशी वृत्तसंस्थांतल्या फजित्यांची यादी हल्ली प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये असते, म्हणून दोनच घेतो. सीनेट (CNET) या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने यंत्राकडून ७७ अर्थविषयक लेख लिहून घेतले आणि २०२३ च्या जानेवारीत त्यांपैकी ४१ मध्ये दुरुस्त्या छापल्या. शिकागो सन-टाइम्समध्ये मे २०२५ मध्ये उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी आली, त्यातली दहा पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. पुरवणी बाहेरच्या सिंडिकेटकडून आली होती. दोन्हीकडे चूक यंत्राची म्हणून गाजली. मला नवल वाटतं ते साखळीतल्या माणसांचं. लेखक, पुरवणी करणारे, छापणारे, कुणालाही एखादं पुस्तक चाळून पाहावंसं वाटलं नाही. गुळगुळीत मजकुरावर नजर ठरत नाही, घसरत जाते.

मराठीत याला आणखी एक पीळ आहे. पुण्याच्या एल३क्यूब या संशोधक गटाने मराठीसाठी जो मोठा वाक्यसंग्रह केला, त्यात सुमारे अडीच कोटी वाक्यं आहेत आणि त्यांतली बहुसंख्य बातम्यांच्या संकेतस्थळांवरची आहेत. इतर संग्रहांतही जालावरच्या मराठीचा मोठा वाटा बातम्यांचाच असणार, कारण जालावर मराठी मुबलक आहे ती तिथेच. म्हणजे यंत्र मराठी शिकलं ते आपल्याच कॉपीवर : रात्री साडेदहाच्या घाईतली, प्रेसनोटमधून उतरलेली, ‘उग्र रूप धारण केले असून’वाली कॉपी. आता तीच परत आपल्याकडे येते, आपण छापतो, आणि ती पुन्हा त्याच्या पोटात जाते. या मजकुराची किंमत कुणी मोजायची, यावर एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयविरुद्ध दावा लावला. कोर्टात जे व्हायचं ते होईल. पैसा आलाच तर तो कमिशनवरच्या तालुका प्रतिनिधीपर्यंत झिरपेल, असं मानण्याइतका मी भाबडा नाही.

मग संशोधकाने करावं काय? डेस्कवर जाऊन बसावं. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गान्स अमेरिकेतल्या दोन वाहिन्या आणि दोन साप्ताहिकांच्या कचेऱ्यांत बसला, तेव्हा १९७९ मध्ये ‘डिसायडिंग व्हॉट्स न्यूज’ हे पुस्तक झालं. बातमी कशी ठरते हे त्याने संपादकांना प्रश्नावली पाठवून शोधलं नाही. आपल्या मुलाने एखाद्या जिल्हा आवृत्तीत उन्हाळाभर बसावं, टंचाईचे महिनेच निवडावेत. व्हॉट्सॲपवर आलेली मूळ कॉपी, यंत्रातून निघालेली कॉपी आणि छापलेली कॉपी, तिन्ही जपून ठेवाव्यात. उलट फोन किती गेले, कुणी केले, कशावरून केले, आणि त्या फोनाने बातमीत काय बदललं, एवढं टिपावं. यंत्र नसलेल्या शेजारच्या आवृत्तीत तेच करावं. वर्गातही हीच वही न्यावी : कुठलं पोर कुठे अडलं, अडल्यावर कुठे गेलं, यंत्र हाती असताना आणि नसताना. दोन प्रकरणं मग आपोआप एकमेकांत मिसळतील. माझं म्हणणं यात खोटं ठरायलाही पूर्ण वाव आहे. कदाचित असं दिसेल की भाषांतराच्या हमालीतून सुटलेला उपसंपादक पूर्वीपेक्षा जास्त फोन लावतो. तसं निघालं तर तेही छापावं. पाच पर्यायांच्या प्रश्नावलीत ते कधीच निघणार नाही, कारण आपण कमी फोन लावतो याला कुणी ‘पूर्ण सहमत’ म्हणत नसतं.

अडचणी मला दिसतात. नमुना लहान आहे, असं आरआरसीत कुणीतरी म्हणणारच. संपादक बसू देतील का? काही देतील, काहींना आपल्या डेस्कवर नेमकं काय चाललंय ते स्वतःलाही बघायचं असेल. मार्गदर्शकाला हे काम तपासायला वेळ लागेल, गोल आलेखांना लागतो त्याच्या दहापट. आणि संशोधक स्वतः पूर्वसाहित्याचा आढावा यंत्राकडून लिहून घेतो का, हा प्रश्न सगळे टाळतात, तोही याच अभ्यासाचा भाग आहे. तीस निबंधांचा गोषवारा यंत्र दुपारभरात देतं. त्यातल्या दोन निबंधांचे निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध आहेत, हे मात्र ते दोन्ही वाचून डोकं धरून बसलेल्या माणसाला खुपतं, आणि प्रबंधाचा विषय बहुधा तिथेच असतो. व्हायवाला बसणाऱ्या बाह्य परीक्षकाने साम्याची टक्केवारी बघायला पाच मिनिटं द्यावीत आणि उरलेला तास विचारावं की बाई, किंवा बाबा रे, या चार वर्षांत तुमचं कुठे अडलं होतं, आणि सुटलं कसं? ज्याचं खरंच अडलं होतं तो त्यावर तासभर बोलेल, कुठल्या तालुक्यात कुणाचा फोन लागत नव्हता इथपासून.